तुरीची डाळ गांवांतच : लहान गिरणीची मांडणी व निगा

वऱ्हाडांत कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या ओळींमध्यें तुरीचें एखादें तास नाहीं असें शेत क्वचितच आढळेल. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत पौष-माघांत तूर खळ्यावर येते, आणि होळी होण्यापूर्वीं तिच्यांतील बहुतेक माल पोत्यांत भरून बाजार समितीच्या आवारांत गेलेला असतो. पुढें आषाढांत त्याच घरची गृहिणी वाण्याच्या दुकानांतून डाळ विकत आणते. तूर आपली आणि डाळ परक्याची, अशी ही जुनी रीत आहे, आणि ती किती महाग पडते याची आठवण फार मागें जाऊन करावयास नको. २०१५ सालच्या ऑक्टोबरांत किरकोळ बाजारांत तुरीची डाळ किलोस २०० रुपयांच्या घरांत गेली; परंतु त्या वर्षाच्या आरंभीं निघालेली तूर शेतकऱ्याच्या हातून केव्हांच निघून गेली होती. त्यानंतर २०१६-१७ च्या हंगामांत तूर उदंड पिकली. बोनस धरून क्विंटलास ५,०५० रुपये हमीभाव ठरलेला असतांहि खुल्या बाजारांतील भाव त्याखालीं उतरले, आणि २०१७ च्या उन्हाळ्यांत बारदान नाहीं म्हणून खरेदी-केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागल्या. एका वर्षीं डाळ महाग होती, दुसऱ्या वर्षीं तूर स्वस्त होती. दोन्ही वर्षीं शेतकऱ्याच्या हातीं विकण्याची वेळ निवडण्याचें साधन नव्हतें.

गांवांत डाळ करण्याची सोय असल्यास हें साधन थोडेंफार हातीं येतें. अख्खी तूर सांठविली तर भुंगेरा तिच्या सालीवर अंडीं घालतो आणि पावसाळ्यांत पोतें पोखरून टाकतो. साल काढलेल्या डाळीला त्याचा उपद्रव पुष्कळच कमी होतो. म्हणजे डाळ करणें हें एका अर्थीं तूर टिकविणेंहि आहे. ही सोय लहान डाळ-गिरणीनें होऊं शकते. मात्र गिरणी विकत आणली, वीज जोडली आणि डाळ पडूं लागली, इतकें हें काम सरळ नाहीं. चांगल्या यंत्रांतून वाईट डाळ काढणारे पुष्कळ आहेत. या लेखांत गिरणीची मांडणी व निगा सांगावयाची आहे. परंतु तुरीच्या पूर्वतयारीवांचून तीं दोन्ही व्यर्थ असल्यामुळें तिचाहि विचार विस्तारानें केला आहे.

प्रथम ‘रूळ-गिरणी’ या शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. गव्हाचा मैदा काढणाऱ्या मोठ्या कारखान्यांत लोखंडी रुळांच्या जोड्या असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हंगेरींतील बुडापेस्ट येथें ती पद्धत पूर्णत्वास पोंचली आणि तेथून जगभर पसरली. त्या गिरणींत दोन रूळ निरनिराळ्या वेगानें फिरतात व दाणा चिरडून त्याचें पीठ करतात. डाळीचें काम अगदीं उलट आहे. येथें दाणा चिरडावयाचा नसून त्याची साल खरवडून काढावयाची असते, आणि आंतील दोन दलें अखंड राहावीं लागतात. म्हणून डाळीच्या गिरणींत रूळ एकच असतो, आणि त्यावर एमरीचा, म्हणजे कुरुंदाच्या खरबरीत दाण्यांचा, लेप चढविलेला असतो. रुळाभोंवतीं छिद्रांच्या पत्र्याची जाळी असते. रूळ व जाळी यांमधील अरुंद जागेंत तूर शिरते, रुळाला व एकमेकींना घांसत पुढें सरकते. साल सुटून भुकटीसह जाळींतून खालीं पडते किंवा पंख्याच्या वाऱ्यानें बाहेर उडते, आणि डाळ व न फुटलेला गोटा तोंडाशीं असलेल्या झडपेंतून चाळणीवर येतो.

या धर्तीचें लहान यंत्र आपल्याच भागांत तयार झालें, ही समाधानाची गोष्ट आहे. अकोल्याच्या कृषि विद्यापीठानें बनविलेली ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ वऱ्हाडांतील पुष्कळ गांवांत व बचत गटांकडे चालते. हें विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजीं स्थापन झालें, आणि ज्यांचें नांव तें धारण करतें ते डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यांतील पापळचे. १९५२ ते १९६२ या काळांत ते केंद्रांत कृषिमंत्री होते. म्हैसूर, कानपूर व भोपाळ येथील संशोधन-संस्थांनींहि अशा लहान गिरण्या तयार केल्या आहेत. रचनेंत फरक आहेत, पण तत्त्व एकच. अशी गिरणी दोन-तीन अश्वशक्तीच्या मोटारीवर ताशीं सुमारें एक क्विंटल तयार केलेली तूर भरडते. ‘तयार केलेली’ हा शब्द वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावा.

आतां हिशेब पाहूं. तुरीच्या दाण्यांत शेंकडा १२ ते १५ भाग साल असते, एखादा भाग अंकुराचा, आणि बाकीचें सुमारें ८५ भाग दल. म्हणजे सर्व कांहीं निर्दोष झालें तर शंभर किलो तुरींतून ८५ किलोंच्या आसपास डाळ मिळावी. तसें कोठेंहि होत नाहीं. लहान गिरणींत नीट काम केल्यास ७० ते ७५ किलो पडते, आणि हयगय केल्यास ६५ किंवा त्याहूनहि कमी. २०२५-२६ च्या हंगामास तुरीचा हमीभाव क्विंटलास ८,००० रुपये ठरला. तोच भाव धरून चाललों तर ७५ किलो डाळ पडल्यास किलोमागें नुसत्या तुरीचा खर्च १०७ रुपये येतो, ७२ किलो पडल्यास १११, आणि ६५ किलो पडल्यास १२३ रुपये. वीज, मजुरी, तेल यांचा सर्व खर्च एकीकडे, आणि हा बारा-सोळा रुपयांचा फरक एकीकडे! शिवाय जी डाळ गेली ती कांहीं नाहींशी होत नाहीं. ती चुणीच्या ढिगांत जाऊन पडते आणि ढेपेसारखी जनावरांपुढें जाते. गुरांना ती मानवते यांत शंका नाहीं, पण डाळीच्या भावानें गुरें पोसणें कोणास परवडेल? गिरणींत नफा कीं तोटा हें या शेंकडेवारीवर ठरतें, आणि शेंकडेवारी यंत्र विकणाऱ्याच्या हातीं नसून चालविणाऱ्याच्या हातीं असते.

तुरीची साल दलाला एका चिकट द्रव्यानें घट्ट चिकटलेली असते. हरभऱ्याची साल थोड्या पाण्यानें व उन्हानें सुटते. तूर, मूग व उडीद यांची सहजीं सुटत नाहीं. तो चिकटा सैल न करतां तूर रुळाखालीं घातली, तर साल निघावी म्हणून रूळ आंवळावा लागतो, आणि मग सालीबरोबर डाळीच्या कडाहि झिजून जातात. हा चिकटा सैल करण्यासाठीं तेल, पाणी व ऊन यांची योजना असते. आमच्या घरोघरच्या वृद्ध स्त्रियांना हें शास्त्र नांवानें माहीत नसलें तरी कृतीनें माहीत आहे. जात्यावर डाळ भरडण्यापूर्वीं तुरीला तेल-पाणी लावून उन्हांत घालण्याची रीत त्यांचीच. नवीन गिरणी घेणाऱ्यानें मिस्त्रीला विचारण्यापूर्वीं घरांतील आजीबाईंस विचारावें, असें आम्ही मनापासून सुचवितों.

कामाचा क्रम असा ठेवावा. तूर प्रथम चाळून, उफणून स्वच्छ करावी. खळें मातीचें असल्यास काळ्या मातीचीं ढेकळें दाण्याएवढींच असतात व चाळणींतून दाण्याबरोबरच येतात. तीं वेंचून काढावीं लागतात. लोखंडाचा तुकडा, खिळा किंवा मळणी-यंत्राची चाकी एकदां रुळाखालीं गेली कीं एमरीचा टवका उडतो, म्हणून भरण्याच्या चाडीच्या तोंडाशीं एक लोहचुंबक बसवून घ्यावा. नंतर तूर दोन किंवा तीन आकारांत वेगळी करावी. हें काम कंटाळवाणें वाटतें आणि म्हणूनच तें सर्वांत जास्त टाळलें जातें. परंतु रूळ व जाळी यांमधील अंतर एका वेळीं एकाच मापाचें असतें. तें बारीक दाण्यास बेतलें तर टपोरा दाणा फुटून चुरा होतो; टपोऱ्यास बेतलें तर बारीक दाणा सालीसकट तसाच पलीकडे जातो. ‘आशा’सारखी लाल तूर आणि ‘बीएसएमआर ८५३’ सारखी पांढरी तूर एकत्र मिसळून भरडूं नये, तें याच कारणानें. दाण्याचा आकार व सालीचा चिवटपणा जातीजातींत निराळा असतो.

वेगळ्या केलेल्या तुरीचा पहिला फेरा हलक्या हातानें द्यावा. या फेऱ्यांत साल काढावयाची नसून तिला फक्त ओरखडे पाडावयाचे असतात, म्हणजे तेल आंत शिरण्यास वाट मिळते. मग क्विंटलास पाव ते अर्धा किलो खाद्य तेल चोळावें. जवसाचें तेल या कामीं फार दिवसांपासून वापरांत आहे. तेल दाण्यादाण्यास लागलें पाहिजे. ढिगावर ओतून फावड्यानें चार वेळां उलथलें म्हणजे झालें, असें समजूं नये. यंत्रास तेल-पाणी मिसळण्याचा फिरता मळसूत्री भाग असेल तर त्यांतून तूर काढावी. रात्रभर ढीग करून ठेवावा व पुढें दोन-तीन दिवस उन्हांत पसरावा. शेवटल्या दिवशीं सायंकाळीं क्विंटलास दोन ते पांच लिटर पाणी बारीक तुषारांनीं शिंपडून, ढीग करून, गोणपाटानें झांकून रात्रभर मुरूं द्यावा. दुसऱ्या दिवशीं पुन्हां ऊन द्यावें. पाण्यानें दाणा फुगतो, उन्हानें आकसतो; साल व दल यांचें आकसणें सारखें नसल्यामुळें त्यांची फारकत होते. दाणा दाताखालीं धरला असतां कट् आवाज होऊन दोन फाकी झाल्या कीं तूर तयार झाली. दबला तर अजून ऊन हवें.

पाण्याविषयीं एक सूचना मुद्दाम करावीशी वाटते. दर्यापूर, अकोट, बाळापूर या बाजूस खारपाणपट्ट्यांतील विहिरींचें पाणी खारट असतें. तें तुरीवर शिंपडलें तर पाणी उडून जातें पण क्षार मागें राहतात. ते हवेंतील ओल ओढून घेतात आणि यंत्राच्या लोखंडास गंज चढवितात. त्या भागांत पिण्याचें गोडें पाणीच वापरावें. लागतें किती? दहा क्विंटलांस फार तर पन्नास लिटर.

तूर रात्रभर पाण्यांत भिजवून, लाल माती चोळून, वाळवून भरडण्याची दुसरी एक जुनी पद्धत आहे. तिनें साल लौकर सुटते हें खरें. परंतु त्या डाळीला मध्यें खळगा पडतो, ती शिजण्यास वेळ घेते, आणि जाणत्या गिऱ्हाइकाच्या ती लगेच ध्यानांत येते. घरच्यापुरती करावयाची असल्यास हरकत नाहीं. विक्रीसाठीं करूं नये.

वरील क्रम पाहिल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. गिरणी तासाला क्विंटल भरडते, पण तूर तयार होण्यास चार-पांच दिवस लागतात. तेव्हां गिरणीचें खरें माप मोटारीवर नसून अंगणावर आहे. एक क्विंटल तूर एक इंच जाडीनें पसरली तर सुमारें ५५ चौरस फूट जागा अडते. गिरणी दिवसाला आठ तास चालवावयाची, आणि प्रत्येक घाणा चार दिवस उन्हांत राहावयाचा, तर एका वेळीं ३२ क्विंटल तूर पसरलेली असेल. तिला चालण्याच्या वाटा सोडून साडेसतराशें चौरस फूट जागा पाहिजे. इतकी फरशी किंवा गच्ची ज्याच्यापाशीं नाहीं त्यानें गिरणी दररोज आठ तास चालण्याचा हिशेब मांडूं नये. मातीच्या अंगणांत ताडपत्री घातली तरी काम होतें. फाल्गुन ते वैशाख हे आपले दिवस या कामाला देवानेंच दिलेले आहेत. एप्रिल-मेमध्यें अकोल्याचा पारा ४३-४५ अंशांवर जातो तेव्हां त्याचा हा एवढा एकच उपयोग आम्हांस दिसतो.

जागा ठरविल्यावर पाया. वऱ्हाडच्या काळ्या मातीवर घर बांधणाऱ्यास जो त्रास होतो तोच गिरणी मांडणाऱ्यास होतो. ही माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर नुसता चार इंचांचा कोबा करून यंत्र ठोकलें, तर पहिल्या वर्षीं तें उत्तम चालतें. एक पावसाळा गेला कीं चौकटीचा एक पाय वर उचलला जातो, पट्टा एका बाजूस पळूं लागतो, बेअरिंगें तापतात, आणि मालक यंत्र करणाऱ्यास दोष देत बसतो. म्हणून काळी माती मुरूम लागेपर्यंत खणून काढावी. मुरूम फार खोल असल्यास निदान तीन फूट खणून, चांगला मुरूम थराथरानें भरून, पाणी घालून धुमसानें ठोकावा. त्यावर सहा इंच काँक्रीट करावें. खालच्या बोल्टांसाठीं खड्डे राखून ठेवावे, यंत्र वर ठेवून पाणसळीनें लांबी-रुंदी दोन्हीकडून सपाट करावें, आणि मगच खड्ड्यांत सिमेंट ओतावें. पुढें दहा-बारा दिवस पाणी मारीत राहावें. या दिवसांत गिरणी चालविण्याचा मोह होतो. तो आवरावा.

भुशाचें तोंड कोणत्या दिशेस ठेवावयाचें, हें पाया खणण्यापूर्वींच ठरवावें. उन्हाळ्यांत आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेच्या बाजूनें वाहतो, तेव्हां भुसा पूर्वेस पडूं द्यावा, आणि तेथें बंद खोली किंवा कापडी पिशवी असावी. भुशाची बारीक धूळ डोळ्यांत व छातींत जाते. ती खोलींत कोंडली तर ठिणगीनें भडकूंहि शकते. खोलीस समोरासमोर खिडक्या असाव्या, आंत विडी ओढूं देऊं नये, आणि काम करणाऱ्यांनीं नाकातोंडावर फडकें बांधावें.

विजेसंबंधीं थोडें. तीन अश्वशक्तीची एकफेजी मोटार पूर्ण भारावर सुमारें १५ अँपिअर प्रवाह घेते आणि सुरू होतांना त्याच्या कितीतरी पट. घरच्या दिव्याच्या बारीक तारेवर ती जोडली तर तार तापते, दाब पडतो, दाब पडला कीं मोटार आणखी प्रवाह ओढते, आणि शेवटीं गुंडाळी जळते. खांबापासून गिरणीपर्यंत स्वतंत्र जाड तार, जादा भारावर आपोआप तुटणारा स्टार्टर आणि खरोखरीची अर्थिंग हीं तीन असल्यावांचून मोटार सुरू करूं नये. शेतीपंपाच्या जोडणीवर गिरणी चालविणें कायद्यानें अनधिकृत वापर ठरतें; दंडाची रक्कम पाहिल्यावर स्वतंत्र जोडणीच स्वस्त वाटते.

मोटारीवरील व रुळावरील चाकांचें प्रमाण यंत्रासोबत आलेलें असतें. तें बदलण्याची खोड पुष्कळांस असते, म्हणून त्याचें गणित सांगून ठेवतों. मोटारीच्या चाकाचा व्यास गुणिले तिचे फेरे, बरोबर रुळाच्या चाकाचा व्यास गुणिले त्याचे फेरे. मोटार मिनिटास १,४४० फेरे घेत असेल, तिचें चाक तीन इंचांचें व रुळाचें सहा इंचांचें असेल, तर रूळ ७२० फेरे घेईल. पट्टा थोडा घसरतो म्हणून प्रत्यक्षांत ७०० च्या आसपास. जुनें चाक झिजलें म्हणून बाजारांतून तीन इंचांऐवजीं चार इंचांचें बसविलें, कीं रूळ ९६० फेऱ्यांवर जातो. काम लौकर होतें असें वाटतें, पण चुणीचा ढीग वाढतो. नामपट्टीवर रुळाचे जितके फेरे लिहिले असतील तितकेच ठेवावे. दोन्ही चाकें एका रेषेंत आहेत कीं नाहींत हें सुतळी ताणून पाहावें. आणि पट्टा मध्यावर अंगठ्यानें दाबला असतां अर्धा इंच दबेल इतपतच ताणावा. पट्ट्यावर लोखंडी जाळीचें आवरण पाहिजेच. या गिरण्यांवर बहुधा स्त्रिया काम करतात. लुगड्याचा पदर किंवा सुटे केंस पट्ट्यांत गेल्यास मोटार बंद करण्यासहि अवसर मिळत नाहीं.

गिरणी नेहमीं रिकामी सुरू करावी, पूर्ण वेग आल्यावर चाडीची पट्टी हळूहळू उघडावी. सुरू झाल्यावर मात्र रूळ अर्धवट रिकामा ठेवूं नये. तुरीनें तुरीला घांसण्याचें काम बरेंच असतें. आंत दाणा कमी असला कीं तो जाळीवर आपटतो व फुटतो. बाहेरच्या झडपेनें हा भरणा कमी-जास्त करतां येतो. प्रत्येक नव्या घाण्याचे पहिले दोन-चार किलो हातांत घेऊन पाहावे. तुकडे जास्त दिसले तर अंतर फार आवळलें आहे, किंवा तूर अतिशय वाळली आहे, किंवा आकार वेगळे केलेले नाहींत. साल राहिलेली दिसली तर लगेच रूळ आवळण्यास धांवूं नये. बहुतेक वेळां ऊन कमी पडलेलें असतें. डाळ हाताला ऊन लागली व तांबूस दिसली तर भरणा फार झाला आहे. न फुटलेला गोटा चाळून वेगळा काढावा, त्यास पुन्हां थोडें पाणी व ऊन देऊन दुसऱ्या फेऱ्यांत फोडावा. सर्व माल एकाच फेऱ्यांत डाळ होऊन पडावा हा हट्ट अंगाशीं येतो.

रूळ हा या यंत्राचा प्राण. जात्याला जशी टाकी लावावी लागे तशी एमरीलाहि धार राखावी लागते, मात्र टाकीनें नव्हे. ओलसर किंवा तेलकट तूर घातली कीं भुकटीचा लेप एमरीच्या दाण्यांमध्यें बसतो व रूळ आरशासारखा चोपडा होतो. अशा वेळीं कोरडा भुसा किंवा थोडी कोरडी ज्वारी फिरवून, मोटार थांबवून, तारेच्या ब्रशानें रूळ साफ करावा. पाण्यानें कधींहि धुऊं नये. एमरीचे दाणे रुळावर बसविण्यास मॅग्नेसाइटची भुकटी व मॅग्नेशिअम क्लोराइडचें द्रावण वापरतात. त्यांचें मिळून जें सिमेंट होतें तें कोरडें असतां दगडासारखें कठीण, परंतु पाण्यांत राहिलें कीं भुसभुशीत होतें. रूळ चकचकीत दिसावा म्हणून पाण्याचा पाईप लावणें म्हणजे तो आपल्या हातानें विरघळविणें होय.

चांगली निगा असली तरी लेप झिजतोच. अंतर पूर्ण आवळूनहि साल निघेनाशी झाली, किंवा रुळावर बोट फिरवतां मध्यें खोलगट व टोकांस उंच लागलें, म्हणजे नवा लेप देण्याची वेळ आली. हें काम जाणत्या कारागिराकडूनच करवावें, आणि मृगाच्या तोंडाशीं न करवितां हंगामापूर्वीं थंडीच्या कोरड्या दिवसांत करवावें, कारण लेप सावलींत पुरता वाळण्यास अनेक दिवस लागतात. रूळ परत आल्यावर दोन परीक्षा घ्याव्या. त्याचा कणा दोन समपातळीच्या धारदार पट्ट्यांवर ठेवून रूळ अलगद फिरवावा. दर खेपेस एकच बाजू खालीं येऊन थांबत असेल तर ती बाजू जड आहे आणि असा रूळ वेगांत थरथरून बेअरिंगें खाईल. नंतर तो यंत्रांत बसवून, खडूचें टोंक स्थिर धरून हातानें फिरवावा. खडूची रेघ सभोंवार सारखी उमटली पाहिजे. दोन्हींपैकीं एकांत जरी उणेपणा दिसला तरी पैसे देण्यापूर्वीं परत पाठवावा.

बेअरिंगांना वंगण फार नको, वेळेवर हवें. ठासून भरलेलें ग्रीस आंतल्या आंत तापतें, आणि बाहेर आलेलें धूळ धरून डाळींत पडतें. घाणा संपल्यावर बेअरिंगाच्या घरावर हात ठेवावा. हात टिकत नसेल तर कारण शोधल्यावांचून दुसरा घाणा घालूं नये. जाळ्या दररोज काढून झटकाव्या, कारण छिद्रें बुजलीं कीं भुकटी डाळींतच राहते. भोंकें झिजून मोठीं झालेली जाळी ठिगळ न लावतां बदलावी.

ही गिरणी प्रत्येकानें घ्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याच्या घरीं पंधरा-वीस क्विंटल तूर होते त्याचें काम दहा-पंधरा दिवसांत आटपतें, आणि उरलेलें वर्ष यंत्र उभें राहतें. शेजारच्या चार गांवांची तूर, मूग, उडीद, हरभरा भरडून देण्याची तयारी असेल, किंवा आठ-दहा घरें मिळून गट करतील, तरच भांडवल फिरेल. अकोल्याच्या मोठ्या गिरण्यांशीं भावांत चढाओढ करण्याचा विचार तर मुळींच करूं नये. त्या गिरण्या रंगानुसार दाणा वेगळा करणारीं यंत्रें ठेवतात व परदेशची तूरहि भरडतात. लहान गिरणीचें गिऱ्हाईक निराळें आहे. आपल्या ओळखीच्या शेतांतली, पॉलिश न केलेली डाळ वर्षाची एकदम भरून ठेवणारीं कुटुंबें अमरावतीसारख्या शहरांत पुष्कळ आहेत, आणि तीं डाळ चकाकते कीं नाहीं हें पाहत नाहींत, शिजते कशी हें पाहतात. विक्रीसाठीं डाळ करणाऱ्यानें २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालीं नोंदणी मात्र करून घ्यावी. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीं २०२० सालीं निघालेल्या केंद्राच्या योजनेंत खर्चाच्या ३५ टक्के व कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवलेलें होतें. योजनांच्या मुदती बदलत असतात, म्हणून यंत्राची मागणी नोंदविण्यापूर्वीं तालुका कृषि अधिकाऱ्यांच्या कचेरींत चौकशी करावी, नंतर नव्हे.

भरडाई रोखीनें घ्यावी. डाळीच्या वाट्यावर घेतली तर डाळ कमी पडली कीं गांवांत कुरबूर सुरू होते. आणि एक वही ठेवावी. घाणा कोणाचा, तूर किती आली, डाळ, गोटा, चुणी, भुसा किती पडला, हें वजन करून त्याच दिवशीं लिहावें. उदाहरणार्थ १०० किलो तुरीस ७२ डाळ, १३ चुणी, १३ भुसा आणि दोन किलो ओलीची तूट, असा मेळ बसावा. तूट दोन-तीन किलोंहून जास्त येऊं लागली तर भुशाबरोबर डाळ उडत आहे काय तें पंख्यापाशीं जाऊन पाहावें. चुणी वाढूं लागली तर वहींतील मागचीं पानें उलटावीं. कोणत्या दिवसापासून वाढली हें कळलें म्हणजे त्या दिवशीं काय बदललें तेंहि बहुधा आठवतें.

मृग लागण्यापूर्वीं गिरणी बंद करावी. पहिला वळीव पडून गेल्यावर घातलेली तूर कितीहि वाळविली तरी रात्रींत ओल धरते. बंद करतांना चाडी, मळसूत्र व चाळण्या पूर्ण रिकाम्या कराव्या. कोपऱ्यांत राहिलेल्या मूठभर दाण्यांत भुंगेरा पावसाळाभर वाढतो व पुढच्या हंगामाच्या पहिल्याच घाण्यास लागतो. पट्टा सैल करून काढून ठेवावा, उघड्या लोखंडास तेलाचा हात द्यावा, पण रुळास तेल लागूं देऊं नये. मोटारीच्या तारेचीं टोकें उंदरांपासून वर टांगावीं. रुळावर कोरडें गोणपाट व त्यावर ताडपत्री गुंडाळावी, आणि छपराचें पाणी त्या बाजूस गळत नाहीं हें पहिल्या मोठ्या पावसांत एकदां स्वतः जाऊन पाहावें.